पिल्लाला शेंडीची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिह त्झू, माल्टीज, यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) अशा लांब केसांच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की चार-पाच महिन्यांत त्याच्या डोळ्यांवर झालर येते आणि ते नेमकं कुठे बघतंय हेच कळेनासं होतं. मग टॉपनॉट, म्हणजे सरळ मराठीत शेंडी, बांधायचा विचार सुरू होतो. एकजण पिल्लाला धरतो, दुसरा रबर घेऊन बसतो, आणि दोन मिनिटांत पिल्लू सोफ्याखाली असतं. आमच्या घरी दोन शिह त्झू आहेत. थोरली चिंगी, तिच्या वेळी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. धाकटी मिनी, तिला आता शेंडी बांधायला दीड मिनिट लागतं. खालची उत्तरं दोघींच्या जिवावर आहेत.

शेंडी खरंच गरजेची आहे, की नुसती हौस?

अर्धी गरज, अर्धी हौस. शिह त्झूच्या नाकावरचे केस खाली पडत नाहीत, ते वर आणि बाजूंना फुलाच्या पाकळ्यांसारखे उगवतात. पुरते लांब झाले की स्वतःच्या वजनाने बाजूला कलतात, पण मधल्या काळात त्यांची टोकं सरळ डोळ्यांत जातात. या जातीचे डोळे मोठे आणि थोडे पुढे आलेले असल्यामुळे कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा उठायला फार काही लागत नाही. म्हणून केस डोळ्यांपासून दूर ठेवायचे, हे पक्कं. ते बांधून ठेवायचे की कापून, हा तुमचा निर्णय.

कापून घेतले तर त्यात काही कमीपणा नाही. रोज पाच मिनिटं देणं जमणार नसेल तर माझं मत कापण्याच्याच बाजूने आहे. फक्त एक सांभाळा: शेंडी ठेवायची असेल तर दोन डोळ्यांच्या मधले केस 'थोडेसेच' म्हणून स्वतः कातरू नका. ते खुंट परत बांधण्याइतके वाढेपर्यंत काही महिने जातात, आणि तोवर तेच खुंट डोळ्यांना टोचत राहतात.

डोळ्यांवरचे केस उन्हापासून रक्षण करतात, ते बांधले तर नजर अधू होते, असं ऐकलंय.

ओल्ड इंग्लिश शीपडॉगबद्दल ही समजूत फार जुनी आहे आणि ती बाकीच्या केसाळ कुत्र्यांनाही चिकटली. तिच्यात तथ्य नाही. केस वर घेतल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू थोडं बावचळतं, कारण एकदम सगळं दिसायला लागतं. तेवढंच.

कोणत्या वयात सुरू करावं?

केस बांधण्याइतके लांब व्हायला बहुतेक पिल्लांना चार ते पाच महिने लागतात. सवय मात्र घरी आल्या दिवसापासून लावायची, म्हणजे साधारण आठव्या आठवड्यापासून. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात वेगळाच असतो. या दिवसांत जे जे भेटतं ते त्याच्या लेखी 'जगात असं असतंच' या खात्यात जमा होतं. डोक्यावर फिरणारा कंगवाही याच खात्यात जायला हवा.

आणखी एक कारण आहे, ते मला चिंगीच्या वेळी माहीत नव्हतं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या ठणकत असतात, तोंडाला हात लावलेला नको असतो. नेमकी त्याच वेळी शेंडी पहिल्यांदा बांधायची वेळ येते. तोवर डोक्याला हात लावायची सवय झालेली नसेल, तर पिल्लाच्या मनात दुखणं आणि शेंडी यांची गाठ बसते. चिंगीची बसली होती. ती सोडवायला मला वर्ष लागलं.

केस अजून बोटभरसुद्धा नाहीत. मग शिकवायचं तरी काय?

खरं शिक्षण हेच. रबर हा शेवटचा धडा आहे.

आधी जागा ठरवा. मांडीवर टॉवेल, किंवा टेबलावर न घसरणारी चटई. रोज तीच. टेबल वापरत असाल तर एक हात सतत पिल्लावर हवा, फोन वाजला तरी. छोट्या जातींच्या पिल्लांचे पुढचे पाय टेबलाच्या उंचीवरून पडूनही मोडतात. वेळ अशी निवडा की पिल्लू खेळून दमलेलं आहे, शी-शू झालेली आहे, पण अजून झोपलेलं नाही.

मग स्पर्श. कपाळावर बोट टेकवा, उचला, खाऊ द्या. बोट, खाऊ. बोट, खाऊ. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. खाऊ आधी दाखवून मग डोक्याला हात लावला, तर पिल्लू दोन दिवसांत ओळखतं की हिने खाऊ काढला म्हणजे आता काहीतरी त्रास आहे. खाऊ बघूनच ते मागे सरकायला लागतं. हात आधी लागला आणि खाऊ मागून आला, की हात ही चांगली बातमी होते. हात थांबला की खाऊही थांबला पाहिजे.

तुकडा तिळापेक्षा थोडा मोठा पुरे. उकडलेल्या चिकनचा एक लहान तुकडा सुरीने तीस-चाळीस भागांत कापता येतो. छोट्या पिल्लाचं पोट छोटं असतं, आणि मोजणी तुकड्यांची होते, आकाराची नाही. पीनट बटर चाटायला देणार असाल तर डब्यावरचा मजकूर वाचा. त्यात झायलिटॉल हा गोडवा असेल तर तो कुत्र्यांसाठी विष आहे.

बोट जमलं की दोन डोळ्यांच्या मधे, मग कानाच्या मुळाशी, मग हनुवटीखाली. त्यानंतर कंगव्याची पाठ, दातांची बाजू नव्हे, कपाळावरून फिरवा. मग दातांनी एकच ओढ. मग केसांची छोटी बट दोन बोटांत धरून एक सेकंद थांबा, सोडा, खाऊ. एकाचे तीन सेकंद करा, तिनाचे पाच. हीच बट पुढे रबरात जाणार आहे. रबराचा 'टक' असा आवाज कानाजवळ झाला तरी काही पिल्लं दचकतात, म्हणून बट धरलेली नसतानाही जवळपास एक रबर ताणून सोडत जा आणि खाऊ देत जा.

प्रत्येक बैठक एक-दोन मिनिटांची. दिवसातून तीनदा केलीत तर उत्तम, पण एकदाच दहा मिनिटं नको. पिल्लू कंटाळायच्या आत तुम्हीच थांबा.

मिनीला मी या काळात हनुवटी टेकायला शिकवलं. तळहात पुढे केला, तिने हुंगायला म्हणून त्यावर हनुवटी ठेवली, खाऊ. आठवडाभरात ती स्वतःहून टेकायला लागली. नियम एकच ठेवला: हनुवटी हातावर आहे तोवर कंगवा चालेल, तिने मान उचलली की कंगवा थांबेल. पहिले दोन दिवस ती दर तीन सेकंदांनी मान उचलून बघायची, खरंच थांबतेय का. थांबायचे. मग तिला उचलायची गरज वाटेनाशी झाली.

'शेंडी तुटो वा पारंबी तुटो' या बाण्याने एकदाची बांधून टाकली तर?

ही म्हण या प्रकरणात शब्दशः खरी ठरते, आणि तुटते ती शेंडीच. धरून-आवळून बांधलेली शेंडी त्या दिवशी बांधली जाते खरी. पण दुसऱ्या दिवशी पिल्लू कंगवा बघूनच पळतं आणि तिसऱ्या दिवशी दात लावून बघतं. एका दिवसाच्या शेंडीसाठी रोजचं भांडण विकत घेऊ नका.

सामान काय लागतं?

फार नाही. धातूचा कंगवा, त्याला एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ दात असलेला बरा. भांग पाडायला निमुळत्या दांड्याचा कंगवा. केसांवर मारायचा कुत्र्यांसाठीचा कंडिशनर स्प्रे, कारण कोरड्या केसांवर कंगवा चालवला की ते तुटतात. टोकं बोथट असलेली लहान कात्री. आणि लॅटेक्सची बारीक रबरं, साधारण 6 ते 10 मिलिमीटर व्यासाची.

वह्या-कागदांना लावायचं रबर कदापि नको, ते केसांना चिकटून ओढतं. माणसांचे जाड हेअरबँड या केसांवर टिकत नाहीत. लॅटेक्स तेलाने सैल पडतं आणि जुनं झालं की ठिसूळ होतं, म्हणून प्रत्येक रबर एकदाच वापरायचं. क्लिपा आणि बो दिसायला गोड असतात, पण पिल्लूपणी क्लिप नकोच. तिची कड टोचते, ती पडते, आणि पडलेली प्रत्येक वस्तू पिल्लाच्या तोंडात जाते. बो लावायचाच असेल तर फोटोपुरता.

पहिली शेंडी नेमकी कशी बांधायची?

छोटी बांधायची. डोक्यावरचे सगळे केस एकत्र ओढून कारंजं करायचा मोह होतो, तो आवरा. सुरुवातीला फक्त दोन डोळ्यांच्या मधले आणि कपाळाच्या पुढच्या पट्टीतले केस घ्या.

स्प्रे मारताना थेट चेहऱ्यावर मारू नका. तळहातावर मारून केसांना लावा. कंगव्याने मुळापर्यंत गुंता काढा. गुंत्यावर रबर बांधलं तर संध्याकाळपर्यंत त्याची जट झालेली असते. आता दांड्याच्या टोकाने एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून वर कमान काढत दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत भांग पाडा. टोक डोळ्याकडून लांब, डोक्याच्या मागच्या दिशेने सरकलं पाहिजे. कमानीच्या आतले केस डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरा. उजव्या हाताच्या बोटांवर रबर ताणून त्यातून केस ओढून घ्या, पीळ द्या, पुन्हा ओढा. दोन-तीन वेढे बास.

यानंतर जी गोष्ट बहुतेकजण विसरतात ती करा. रबराच्या पुढचे, कपाळाकडचे केस चिमटीत धरून हलकेच पुढे-वर ओढा. कपाळावर छोटा फुगा येईल. हा फुगा शोभेचा नाही. त्याच्यामुळे कातडीवरचा ताण जातो.

केस अगदीच लहान असतील तर एकाऐवजी दोन शेंड्या बांधा, डावी-उजवी. ध्यान दिसतं, पण महिनाभर निभावतं.

पहिल्या दिवशी शेंडी दोन मिनिटं ठेवायची, त्या दोन मिनिटांत पिल्लाशी खेळायचं, आणि त्याला आठवण व्हायच्या आत काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. जेवणाची वाटी पुढे यायच्या अगोदर बांधा आणि जेवण झालं की काढा, हा माझा लाडका उपाय. तोंड वाटीत असताना डोक्यावर काय आहे याची फिकीर कोणाला?

घट्ट झाली हे कसं कळणार?

समोरून बघा. डोळे बदामासारखे ताणलेले दिसताहेत, बाहेरचे कोपरे वर गेलेत, किंवा पिल्लाला डोळे पूर्ण मिटता येत नाहीत, तर घट्ट आहे. केसांच्या मुळाशी कातडी तंबूसारखी उचललेली दिसली तरी घट्टच. रबराखालून दांड्याचं टोक सहज सरकलं पाहिजे.

ताण रोजचा झाला तर केस मुळातून जातात आणि तिथे टक्कल पडतं. सतत घट्ट वेण्या घालणाऱ्या माणसांनाही होतं तसंच. चिंगीच्या कपाळावर अजून रुपयाएवढी जागा विरळ आहे. तेव्हा मला वाटायचं, घट्ट बांधली की दिवसभर टिकेल. ती दिवसभर सोफ्याच्या कडेला डोकं घासत फिरायची आणि मी म्हणायचे, काय नाटकी कुत्री आहे.

बांधली रे बांधली की पंज्याने ओरबाडून काढते. काय करू?

आधी शेंडी तपासा, मग कुत्री. एखादा केस इतरांपेक्षा जास्त ताणला गेलाय का, कानाचा केस आत आलाय का, रबर कातडीला टेकलंय का. आपल्याही डोक्यात एकच केस क्लिपेत ओढला गेला तर चैन पडत नाही. सोडून पुन्हा बांधा.

शेंडी ठीक असेल तर प्रश्न नवेपणाचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे पंजा वर यायच्या आधीच लक्ष दुसरीकडे नेणं. बांधून झाल्याझाल्या खेळणं, फेरफटका, हुंगत शोधायला विखुरलेला खाऊ. पंजा वर गेल्यावर ओरडू नका. ओरडण्याने शेंडी आणखी वाईट ठरते. पंजा वर गेल्यावर लगेच खाऊही देऊ नका. हुशार पिल्लं पंजा मारून खाऊ कमवायला शिकतात, मग शेंडी कोण कोणाला लावतंय हा प्रश्न पडतो.

दहा-पंधरा सेकंद पंजा खाली राहिला की शाबासकी द्या आणि शेंडी काढा. काढायची ती पंजा शांत असताना. ओरबाडत असताना काढलीत तर ओरबाडणं चालतं, हाच धडा त्याने घेतला. याला एकच अपवाद: डोळा किंवा कातडी दुखावली असेल तर काहीही न बघता ताबडतोब काढा.

गुरगुरतं, दात दाखवतं. रागवायचं का?

नाही. गुरगुरणं म्हणजे त्याने केलेली सूचना आहे. ती रागावून बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देताच चावा येईल. आणि गुरगुरण्याच्या आधी त्याने बरंच काही सांगितलेलं असतं: ओठ चाटणं, अवेळी जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एकदम ताठ होऊन गप्प बसणं. हे शेवटचं लोकांना फसवतं. 'बघा किती शहाण्यासारखं बसलंय' असं वाटतं. ते घाबरून गोठलेलं असतं.

यातलं काही दिसलं की दोन पायऱ्या मागे या. रबरावरून बटेवर, बटेवरून बोटावर. आजवर शांत असलेलं पिल्लू अचानक डोक्याला हात लावू देईनासं झालं तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान, दात आणि डोळे, तिन्हींचं दुखणं असंच बाहेर येतं.

किती वेळ ठेवायची? रात्री काढायची का?

सवय पक्की झाल्यावर दिवसभर ठेवता येते. पिल्लूपणी रात्री काढावी असं मी म्हणेन. कुशीवर झोपून रबर सरकतं, आणि बघायला कोणी जागं नसतं. काहीही झालं तरी रोज एकदा सोडून, विंचरून नवी बांधायची, आणि बांधताना जागा बोटभर पुढे-मागे करायची म्हणजे ताण रोज त्याच केसांवर येत नाही. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मी चिंगीची शेंडी तीन दिवस तशीच ठेवली. रबराखाली सुपारीएवढी जट झाली होती. अर्धा तास बोटांनी उकलून शेवटी कापावीच लागली.

आंघोळीनंतर केस मुळापर्यंत सुकल्याशिवाय बांधू नका. ओल्या केसांवर रबर बसलं की खाली कातडी दमट राहते आणि खाज सुटते.

रबर काढायचं कसं?

ओढून नाही. केस धरून शेंडी थोडी उचला, कात्रीचं बोथट टोक कातडीपासून दूर, वरच्या बाजूने रबरात घाला आणि फक्त रबर कापा. लॅटेक्स ताणल्यावर पातळ होतं, त्यामुळे लगेच तुटतं. हात थरथरत असेल तर रबरावर थोडं तेल लावून दोन मिनिटं थांबा, ते आपोआप सैल पडतं.

जितकी रबरं बांधली तितकी मोजून काढा. यात हयगय नको. केसात हरवलेलं रबर कानाच्या कडेला अडकलं तर रक्तपुरवठा बंद होऊन कानाचं टोक काळं पडू शकतं, आणि केसांखाली ते दिसतही नाही. म्हणून शेंडी झाल्यावर दोन्ही कान बोटांनी चाचपून बघायचे, कानाची पाळी रबरात आली नाही ना.

रबर गिळलं!

एखादं बारीक लॅटेक्सचं रबर बहुतेक वेळा शौचावाटे पडून जातं. घरच्या घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. पशुवैद्याला फोन करून सांगून ठेवा. पिल्लाने खाणं सोडलं, उलट्या केल्या, कुंथायला लागलं, किंवा गिळलेली वस्तू क्लिप-बोसारखी टणक असेल, तर थेट दाखवायला न्या.

घरातलं दुसरं कुत्रं तीच शेंडी धरून ओढतं.

ओढणारच, तयार दोरी मिळाली त्याला. दंगामस्तीच्या वेळी शेंडी काढून ठेवा किंवा केस दोन बुटक्या शेंड्यांत विभागा, पकडायला कमी मिळतं. यात कुत्र्यांना शिस्त लावण्यापेक्षा आपण वेळापत्रक बदलणं सोपं पडतं.

डोळ्यांतून पाणी येतं, खाली तपकिरी डाग पडतात. शेंडीने जाईल?

केस टोचून पाणी येत असेल तर फरक पडेल. अश्रूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे पांढऱ्या केसांवर डाग पडतात, ते लगेच जात नाहीत. ओल्या कापसाने रोज पुसून कोरडं करत राहा. पाण्याचं कारण अश्रुनलिका, पापणीची ठेवण असंही काही असू शकतं, म्हणून एकदा तपासून घ्या.

मात्र एक डोळा अर्धवट मिटलेला, लाल, किंवा त्यावर निळसर धुरकट झाक दिसली, पिल्लू पंज्याने डोळा चोळतंय, तर शेंडीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. कॉर्नियाची जखम उद्यावर टाकायची नसते.

सगळं छान चाललं होतं. दहाव्या महिन्यात अचानक रोज गुंताच गुंता. आमचं काय चुकलं?

काही नाही. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस यायला लागले आहेत. बऱ्याच शिह त्झूंमध्ये हे दहा-बारा महिन्यांच्या सुमारास होतं, आधी-नंतरही होऊ शकतं. गळलेले केस बाहेर पडत नाहीत, नव्यांत अडकून बसतात. काही आठवडे दिवसातून दोनदा विंचरावं लागतं, आणि कान-शेंडीच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. याच दिवसांत लोक वैतागून सगळं भादरून टाकतात. तग धरता आला तर धरा, नाही धरला तर केस आहेत, पुन्हा येतील. महत्त्वाचं म्हणजे गुंते ओढून काढताना आठ महिन्यांची कमाई घालवू नका. अवघड जट असेल त्या दिवशी खाऊ दुप्पट आणि बैठका निम्म्या.

नराला शेंडी बांधली तर चालते?

त्याला विचारलं तर तो चिकन किती आहे ते विचारेल. चालते.

शोमध्ये उतरवायचं असेल तर नियम काय?

जातीप्रमाणे बदलतात. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात शिह त्झूचे डोक्यावरचे केस बांधलेले असतात असं स्पष्ट म्हटलं आहे. यॉर्कशायर टेरियरला मधोमध एक बो किंवा मधे भांग पाडून दोन बो चालतात. माल्टीजचे केस बांधा किंवा मोकळे सोडा. ल्हासा अप्सोच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर येणारे केस हाच जातीचा गुण धरतात. तुमच्या केनेल क्लबचं मानक आधी वाचा आणि मगच पिल्लाला सवय लावा. शोची शेंडी एकापुढे एक अशा अनेक रबरांची असते, पण तिची पहिली पायरी हीच, वर सांगितलेली.

कुत्री तीन वर्षांची आहे, आता शिकेल का?

शिकेल. पिल्लाला जे दोन आठवड्यांत येतं त्याला दोन-तीन महिने धरा, विशेषतः तिला वाईट अनुभव असेल तर. जुन्या गोष्टी बदला: वेगळी जागा, वेगळा कंगवा, बसण्याची वेगळी दिशा. ज्या कंगव्याची भीती बसली आहे तो फेकून द्या, नव्याने सुरुवात करणं स्वस्त पडतं. मिनीच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा चिंगी लांबून बघायची. मी तिला मुद्दाम बोलावलं नाही. महिन्याभराने ती स्वतः येऊन बसली, आणि तिच्याही हनुवटीखाली तळहात धरला.

शेंडी कायमची बंद कधी करावी?

कुत्रं म्हातारं झालं, मानेला त्रास व्हायला लागला, उभं राहवत नसेल, किंवा तुमचेच हात दुखायला लागले तर. चिंगी दहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिचे केस आखूड केले. तरी रोज सकाळी मिनीच्या शेंडीसाठी टॉवेल पसरला की ती शेजारी येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकते. तिच्या डोक्यावरून कंगव्याची पाठ एकदा फिरवावी लागते, आणि एक तुकडा द्यावा लागतो.